वजाबाकीची फळं

२४ एप्रिल १९८७. कॅलिफोर्नियातल्या ब्रेंटवूडजवळचं स्ट्रॉबेरीचं एक शेत. डोक्यापासून पायापर्यंत संरक्षक पोशाख चढवलेली एक संशोधक रोपांच्या ओळींतून काहीतरी फवारत चालली आहे, आणि जरा अंतरावर नेहमीच्या कपड्यांतले फोटोग्राफर तिचे फोटो काढताहेत. आदल्या रात्री विरोधकांनी आत शिरून बरीच रोपं उपटून टाकली होती. तरी फवारणी झालीच. जनुकात बदल केलेले जीवाणू रीतसर परवानगी घेऊन उघड्या शेतात सोडण्याची अमेरिकेतली ती पहिली वेळ.

पंपात होतं काय? स्यूडोमोनास सिरिंगी नावाचा जीवाणू. तो असंख्य झाडांच्या पानांवर एरवीही असतोच. त्याच्या अंगावर एक प्रथिन असतं. त्याच्या आधाराने पाण्याचे रेणू शिस्तीत बसतात आणि बर्फाचा पहिला कण तयार होतो. पाणी शून्य अंशाला गोठतं असं आपण शाळेत घोकलेलं असतं, पण पानावरच्या पाण्याला गोठायला काहीतरी निमित्त लागतं. ते मिळालं नाही तर पारा शून्याखाली काही अंश उतरला तरी पाणी पातळच राहतं. बर्कली विद्यापीठातले स्टीव्हन लिंडो यांच्या संशोधनातून या जीवाणूचा बर्फाचं जनुक नसलेला अवतार तयार झाला. हे बिनबर्फाचे जीवाणू पानावर आधीच जागा अडवून बसले, की बर्फवाल्यांना शिरायला वाव उरत नाही आणि कडाक्याच्या रात्री फुलं वाचतात. कल्पना झकास होती. माल मात्र कधी बाजारात आला नाही.

त्या आरडाओरड्यात एक बारीक गोष्ट झाकली गेली. त्या जीवाणूत बाहेरचं काहीच घातलं नव्हतं, होतं त्यातलं एक काढून घेतलं होतं. लोकांच्या डोक्यात मात्र उलट चित्र रुतून बसलं. ‘माशाचं जनुक घातलेली स्ट्रॉबेरी’ ही गोष्ट आजही अधूनमधून कानावर येते. अशी स्ट्रॉबेरी बाजारात कधी नव्हती. थंड समुद्रातल्या एका चपट्या माशाचं जनुक वापरून प्रयोग झाला होता तो टोमॅटोवर, आणि तोही पुढे सरकला नाही. पण आवई एकदा उठली की तिला कुठलं पीक आणि कुठला मासा!

गेली काही वर्षं बेरीवर्गातल्या फळांच्या जनुक संपादनाबद्दल, म्हणजे जनुकात नेमका हवा तो बदल करण्याबद्दल, मी मिळेल ते वाचत आलो आहे. स्ट्रॉबेरी, ब्लॅकबेरी, रास्पबेरी, ब्लूबेरी. वाचता वाचता एक गोष्ट माझ्या मनात पक्की होत गेली. या नव्या तंत्राचा हात प्रामुख्याने वजाबाकीत बसला आहे. काटे काढ, बी काढ, मऊपणा काढ, ऋतूचं बंधन काढ. वजा करणं त्याला सोपं जातं, मिळवणं फार जड जातं. या फळांच्या बाबतीत पुढे काय होणार, याचा बराचसा उलगडा या एका गोष्टीत आहे असं मला वाटतं.

त्याआधी स्ट्रॉबेरीची कुळकथा थोडी सांगायला हवी, कारण तिच्याइतकं गुंतागुंतीचं कुळ शोधून सापडायचं नाही. फ्रेंच लष्करी अभियंता अमेदे-फ्रान्स्वा फ्रेझिए याला स्पॅनिश तटबंद्यांची टेहळणी करायला दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर पाठवलं होतं. हा गृहस्थ १७१४ मध्ये परतला तो नकाशांबरोबर चिलीतल्या मोठ्या फळांच्या स्ट्रॉबेरीची रोपं घेऊन. जहाजावर माणसांना गोडं पाणी मोजून मिळायचं. त्यातून जगवलेली पाच रोपं फ्रान्सला पोचली. दुर्दैव असं की ती सगळी मादी होती. मोठ्या फळांची झाडं बघून बघून उचलली, तर दुसरं काय होणार? युरोपात ती नुसतीच पानं काढत बसली. पुढे उत्तर अमेरिकेतून आलेल्या लहान फळांच्या, पण सुवासिक स्ट्रॉबेरीचे वाफे जवळपास आले, परागकण मिळाले आणि फळं धरली. त्या फळांच्या बियांतून जे उगवलं, ती आजची स्ट्रॉबेरी. हा संकर आहे हे आंत्वान निकोला दुशेन या तरुणाने १७६६ मध्ये ओळखून लिहून ठेवलं. दोन खंडांतल्या दोन जाती तिसऱ्याच खंडातल्या बागेत भेटल्या, म्हणून हे फळ झालं. त्यामुळे ‘निसर्गात ढवळाढवळ’ हा शब्दप्रयोग स्ट्रॉबेरीच्या संदर्भात ऐकला की मला जरा हसूच येतं.

या दोन्ही आईबापांच्या पेशींत गुणसूत्रांचे आठ संच होते, आणि लेकीनेही ते आठच्या आठ घेतले. आपल्याकडे दोन असतात, एक आईचा आणि एक बापाचा. स्ट्रॉबेरीच्या एका पेशीत ५६ गुणसूत्रं, आणि एकेका जनुकाच्या आठपर्यंत प्रती. एखादा गुण घालवायचा म्हणून त्याचं जनुक बंद करायला जावं, तर एक प्रत बंद पडली तरी उरलेल्या सात काम चालू ठेवतात. जुन्या पद्धतीने पैदास करणाऱ्याला आठही प्रती बिघडलेलं रोप नुसत्या संकरातून मिळणं म्हणजे आयुष्य खर्ची पडायचं काम. रानटी स्ट्रॉबेरीत दोनच संच असतात, म्हणून तिचा डीएनएच्या सुमारे २४ कोटी अक्षरांचा जनुकसंच २०११ मध्येच वाचून झाला. लागवडीतल्या आठपदरी स्ट्रॉबेरीचा नीट जुळवलेला संच हाती यायला २०१९ साल उजाडलं.

इथे क्रिस्पर या जनुक संपादनाच्या तंत्राची करामत कामाला येते. मुळात हे जीवाणूंचं विषाणूंविरुद्धचं हत्यार. पूर्वी हल्ला केलेल्या विषाणूच्या डीएनएचे तुकडे जीवाणू जपून ठेवतो आणि पुन्हा तसाच तुकडा दिसला की कापतो. २०१२ मध्ये जेनिफर डाउडना आणि एमान्युएल शार्पांतिए यांनी दाखवलं की ही कात्री हव्या त्या जागी नेता येते. २०२० चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. सुमारे वीस अक्षरांचा एक वाटाड्या रेणू द्यायचा. कॅस-९ नावाचं प्रथिन ती वीस अक्षरं जिथे जुळतील तिथे जाऊन डीएनएचे दोन्ही धागे कापतं. संपादकाचं काम खरं तर इथे संपलं. पुढचं पेशी स्वतः करते. तुटलेली टोकं ती घाईघाईने सांधते आणि या घाईत एखाददुसरं अक्षर गळतं किंवा वाढतं. जनुक तीन-तीन अक्षरांच्या गटांनी वाचलं जातं. मधलं एक अक्षर गळालं की पुढचे सगळे गट सरकतात आणि वाक्याचा अर्थच जातो. जनुक मुकं होतं. आठही प्रतींत ती वीस अक्षरं सारखी असतील तर एकच वाटाड्या आठही ठिकाणी जाऊ शकतो. आठातल्या पाच-सहाच कापल्या गेल्या तर परिणाम अर्धामुर्धा दिसतो, आणि कधीकधी तोच उपयोगाचा ठरतो.

ऐकायला सोपं वाटतं. खरी मेख पुढे आहे.

स्ट्रॉबेरीचा चांगला वाण बियांपासून करत नाहीत. मातृरोपातून जमिनीसरपट रनर निघतात, त्यांना जागोजागी मुळं फुटतात, तीच पुढची रोपं. ब्लॅकबेरी, ब्लूबेरीचीही लागवड अशीच मुळ्या-फांद्यांपासून होते. म्हणजे एखाद्या वाणाची जगभरातली लाखो झाडं जनुकांच्या हिशेबाने एकच झाड असतात. त्याचं बी पेरलं तर जे उगवतं ते भलतंच काहीतरी असतं, कारण प्रत्येक संकरात पत्ते नव्याने पिसले जातात आणि तोच हात पुन्हा येत नाही. आवडत्या वाणात एक रोगप्रतिकारक गुण आणायला संकर करावा, तर तो गुण येतो आणि वाण जातो. संपादनाचं मोठं आकर्षण हेच आहे की बाकीचा हात तसाच ठेवून एकच पान बदलता येतं.

पण कात्री पेशीत पोचवायची कशी? नेहमीचा मार्ग ॲग्रोबॅक्टेरियमचा. हा मातीतला जीवाणू आपला डीएनए झाडात घुसवण्यात पटाईत. त्याच्या हाती कात्रीचं जनुक दिलं की तो ते नेऊन झाडाच्या गुणसूत्रात बसवतो. काम झाल्यावर ते परकं जनुक आतच राहतं. भात-टोमॅटोसारख्या बियांच्या पिकात अडचण नाही. पुढच्या पिढीत काही रोपांत बदल असतो आणि कात्री नसते, तेवढी निवडून घ्यायची. रनरवर वाढणाऱ्या पिकाला पुढची पिढी म्हणजे पुन्हा पिसलेले पत्ते. जो वाण जपायला एवढा खटाटोप केला तोच हातचा जातो. म्हणून मग जनुक न घालता तयार प्रथिन आणि वाटाड्या थेट पेशीत सोडायचा प्रयत्न होतो. त्यासाठी पेशींच्या भिंती विकरांनी विरघळवून त्यांना उघडं करावं लागतं. आणि अशा एका उघड्या पेशीपासून पुन्हा अख्खं झाड उभं करायचं, हे बेरीवर्गात अजून महाकठीण आहे. जनुक संपादनाच्या बातम्यांत हा भाग कधीच येत नाही. तिथे कात्री चमकते. पण वर्षं जातात ती कात्रीत नव्हे, पेशीचं झाड करण्यात.

एका टिश्यू कल्चर प्रयोगशाळेत मला हे जवळून बघायला मिळालं होतं. काचेच्या बरण्यांत तळाशी साखर-क्षारांची पारदर्शक जेली, तिच्यावर नखाएवढे कापलेले पानांचे तुकडे. काही तुकड्यांच्या कापलेल्या कडेला फिकट हिरवट, दाणेदार गाठी आलेल्या. त्यांतल्याच एखाद्या गाठीतून टाचणीच्या टोकाएवढा कोंब वर आलेला. शेजारची बरणी तशीच, त्याच दिवशी भरलेली, पण तिच्यातले तुकडे चहाच्या चोथ्यासारखे काळपट. वाण वेगळा होता, एवढंच कारण. काही वाण तुकड्यातून कोंब काढतात, काही काही केल्या काढत नाहीत. तिथली मुलगी चिमट्याने कोंब उचलता उचलता म्हणाली, “हा एका पेशीतून आलाय की चार पेशींतून, ते मला बघून सांगता येत नाही.” चार पेशींतून आला असेल आणि त्यांतली एकच संपादित असेल, तर रोप मिश्र निघतं. एक थर बदललेला, दुसरा जुनाच.

असं मिश्र रोप निसर्गातही होतं. ‘थॉर्नलेस एव्हरग्रीन’ नावाची एक बिनकाट्यांची ब्लॅकबेरी ऑरेगॉनमध्ये गेल्या शतकाच्या पूर्वार्धात सापडली. तिच्या फांद्या गुळगुळीत. पण मुळाला इजा झाली आणि तिथून फुटवा आला, की तो निघतो काट्यांनी भरलेला. बदल झालाय तो झाडाच्या सगळ्यात बाहेरच्या थरात. मुळाचे फुटवे आतल्या थरातून येतात आणि आतला थर अजून काटेरीच आहे. हे वाचल्यापासून मला त्या झाडाबद्दल कमालीची आपुलकी वाटते.

निसर्ग स्वतः किती वजाबाक्या करत असतो! रानटी स्ट्रॉबेरी वर्षातून एकदाच, ठरल्या ऋतूत फुलते. तिच्यात फुलण्यावर लगाम ठेवणारं एक जनुक असतं. आल्प्समधल्या एका प्रकारात या जनुकातली नेमकी दोन अक्षरं गळालेली आहेत. लगाम सुटला आणि ते रोप हंगामभर फुलत राहतं. युरोपातल्या बागांत लोक ते शतकानुशतकं लावत आले. दोन अक्षरांचा हा हिशेब मात्र २०१२ मध्ये लागला. पांढऱ्या रानस्ट्रॉबेरीची कथाही अशीच. लाल रंग चालू करणाऱ्या जनुकात एक अक्षर बदललं आणि फळ पिकूनही पांढरंच राहिलं. बिनबियांच्या द्राक्षांमागेही असाच एका अक्षराचा बदल आहे. प्रयोगशाळेत कापून गळलेली दोन अक्षरं आणि डोंगरात आपोआप गळलेली दोन अक्षरं फळात ओळखू येत नाहीत. कायद्याला म्हणूनच घाम फुटतो. युरोपीय न्यायालयाने २०१८ मध्ये अशी संपादित झाडंही जुन्या जनुकबदलाच्या कडक नियमांत बसवली. इतर अनेक देशांनी परकं जनुक नसेल तर मोकळीक दिली. त्या वादात मी फार शिरत नाही. फळाकडे वळतो.

ब्लॅकबेरीच्या एका फळात डझनावारी टपोरे मणी असतात आणि प्रत्येक मण्यात एक कडक, सुरकुतलेली आठळी. खाताना ती दातांत अडकते. पक्ष्याच्या पोटातून सहीसलामत बाहेर पडण्यासाठी झाडाने केलेली ती तटबंदी. नॉर्थ कॅरोलायनातल्या पेअरवाइज या कंपनीने २०२४ मध्ये क्रिस्परने केलेली बिनबियांची ब्लॅकबेरी जाहीर केली. झाडाला काटेही नाहीत आणि झुडूपही आटोपशीर. मुळ्या-फांद्यांपासून वाढणाऱ्या पिकात बी नसल्याने झाडाचं काही अडत नाही.

स्ट्रॉबेरीला हा उपाय इतक्या सहज लागू पडणार नाही, आणि त्याचं कारण भिंगातून दिसतं. पिकलेली स्ट्रॉबेरी भिंगाखाली धरा. ज्यांना आपण बिया म्हणतो ते पिवळसर दाणे एकेका खळग्यात बसलेले दिसतात, आणि नीट पाहिलं तर दाण्याला एक वाळका केस चिकटलेला असतो. तो फुलाच्या स्त्रीकेसराचा अवशेष. म्हणजे प्रत्येक दाणा हेच खरं फळ, आणि लाल गर हा फुलाचा फुगलेला देठ. तो फुगवतात हे दाणेच. १९५० मध्ये निट्श (Nitsch) या शास्त्रज्ञाने कोवळ्या स्ट्रॉबेरीवरचे दाणे टोचून काढले, तर तिथला गर वाढलाच नाही. एका रांगेतले ठेवले तर तेवढाच पट्टा फुगला. दाण्यांच्या जागी ऑक्सिन या संप्रेरकाचा लेप दिला, तर दाण्यांशिवायही फळ फुगलं. दाणे नकोत म्हटलं तर आधी त्यांचं काम दुसऱ्या कुणाला तरी द्यावं लागेल.

आता मऊपणा. स्ट्रॉबेरी तोडल्यावर पुढे पिकत नाही, नुसती मऊ होते आणि मग करड्या बुरशीच्या ताब्यात जाते. पिकताना पेशींना जोडून ठेवणारं पेक्टिन विकरं तोडतात, त्यामुळे गर सैल होतो. स्पेनमधल्या मालागाच्या संशोधकांनी त्यातल्या पॉलिगॅलॅक्ट्युरोनेज या विकराचं जनुक क्रिस्परने बंद केलं आणि फळं जास्त घट्ट निघाली. हे विकर बदनाम जुनंच आहे. १९९४ मध्ये आलेल्या फ्लेवर सेव्हर टोमॅटोत दुसऱ्या तंत्राने तेच दाबलं होतं. तेव्हाचं आश्वासन होतं की फळ झाडावर पूर्ण पिकू द्या, चव येऊ द्या, तरी ते वाहतुकीत टिकेल. तो टोमॅटो हाताळणीत पुरेसा टिकला नाही आणि काही वर्षांतच बाजारातून गेला.

स्ट्रॉबेरीबद्दल तेच आश्वासन आता पुन्हा ऐकू येतं, आणि मी कान टवकारतो. घट्ट फळ दोन प्रकारे वापरता येतं. दोन दिवस जास्त झाडावर ठेवून गोड होऊ द्यावं, किंवा दोन दिवस जास्त ट्रकमध्ये ठेवून लांब न्यावं. जनुक दोन्हीला सारखंच राजी आहे. आजवरचा अनुभव विचारलात तर ट्रक जिंकत आलाय.

चवीचं काय, हा माझा खरा प्रश्न. स्ट्रॉबेरीच्या वासात शेकडो द्रव्यं असतात. त्यांतलं गॅमा-डेकालॅक्टोन पीचसारखा मऊ, सायीसारखा सुवास देतं. काही वाणांत ते भरपूर, काहींत अजिबात नाही. संशोधकांनी २०१४ मध्ये कारण शोधलं. ज्या वाणांत तो वास नाही, त्यांत ते जनुकच चालू नाही, कित्येकांत तर जागेवरच नाही. पैदाशीच्या ओघात, आकार आणि उत्पादन निवडता निवडता ते कुठेतरी हातून निसटलं, आणि वास कुणी मोजत नव्हतं म्हणून कळलंही नाही. आता कात्री कितीही धारदार असली तरी जे नाहीच ते ती कापणार कशी? तिथे जनुक बाहेरून आणून बसवावं लागेल, मग ते स्ट्रॉबेरीचंच का असेना. तंत्र त्यालाही तयार होतंय, पण आठपदरी पिकात ते फार कष्टाचं आहे, आणि कायद्याच्या नजरेत ती बेरीज आहे, वजाबाकी नव्हे.

म्हणून पुढच्या दहा-पंधरा वर्षांत बेरीवर्गातून टिकाऊ, बिनकाट्यांची, बिनबियांची, यंत्राने तोडता येतील अशी फळं आपल्यासमोर येत राहतील असा माझा अंदाज आहे. काटे गेले तर तोडणाऱ्या हातांचं भलंच होईल, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण या सगळ्या गुणांची मागणी पेटीकडून, शीतगृहाकडून, दुकानाच्या फळीकडून आलेली आहे. जिभेचा अर्ज रांगेत मागे आहे. पेटंटमुळे रांग आणखी लांबते. फांदीवरून वाढवलेल्या नव्या वाणावर हक्क देणारा अमेरिकी कायदा १९३० सालचा आहे, त्यामुळे वाणाची मालकी नवी नाही. नवीन आहे ती कात्रीचीही मालकी. दोन्हीकडे पैसे मोजणारा साहजिकच हमखास खपणारा गुण आधी निवडतो.

एका ठिकाणी मात्र मला वेगळी चाल दिसते. अमेरिकेतल्या कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेचे झॅकरी लिपमन आणि त्यांचे सहकारी टोमॅटोच्या भाऊबंदांवर काम करतात. २०१८ मध्ये त्यांनी ग्राउंडचेरी हे कागदी टरफलातलं, फारसं कुणी लागवडीत न घेतलेलं बेरीफळ घेतलं. टोमॅटोत आटोपशीर वाढ आणि मोठी फळं देणारे बदल कुठल्या जनुकांत आहेत हे माहीत होतं. तीच जनुकं यात कापली, आणि शेकडो पिढ्यांत व्हायचं माणसाळणं काही हंगामांत सुरू झालं. अलीकडे, २०२५ मध्ये, त्यांनी हेच तिची बहीण गोल्डनबेरीवर केलं. तिचं झुडूप ऐसपैस फोफावतं आणि शेतकऱ्याला आवरत नाही, ते कात्रीने बुटकं केलं. हीही वजाबाकीच, फक्त तिच्यामुळे आपल्या पुढ्यातल्या फळांत एकाची भर पडते.

बुटकेपणा साधल्यावर त्यांनी एक जुनी गोष्ट केली, ती मला सगळ्यात आवडली. बुटक्या झाडांची पैदास वाढवून एक संशोधक शेतात ओळीओळीने हिंडला आणि झाडाझाडाची फळं चाखत गेला. जी सगळ्यात रुचकर लागली त्यांतून पुढचे वाण निवडले. निवडलेल्या वाणांची फळं मूळ गोल्डनबेरीपेक्षा जराशी लहान आहेत. चालेल.